संकष्टी, सकाळची गोळी आणि उतरलेली साखर

माझ्या मावशीने गेल्या चाळीसेक वर्षांत एकही संकष्टी सोडलेली नाही. वय 76, मधुमेह वीस वर्षांचा. मागच्या पावसाळ्यातल्या एका संकष्टीला तिने नेहमीसारखी सकाळी चहाबरोबर शुगरची गोळी घेतली, अकराच्या सुमारास चार घास भगर आणि वाटीभर ताक घेतलं, आणि चंद्रोदय साडेनऊचा म्हणून वाट बघत बसली. सातच्या सुमारास ती सुनेवर खेकसली. खेकसणं तिच्या स्वभावातच नाही. मग ‘उकड झाली का गं’ हे पाच मिनिटांत तीनदा विचारून झालं. जीभ जड वाटायला लागली होती. घरच्यांना वाटलं, लकवा. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी बाकी काही विचारायच्या आधी बोटाला सुई टोचली. साखर 46.

तिच्या मुलाचं पहिलं वाक्य होतं, “पण आईची शुगर तर एकदम कंट्रोलमध्ये असते!”

त्या वाक्यातच सगळी गोम आहे. मधुमेह म्हणजे वाढलेली साखर हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की रिपोर्टवर 190 दिसले की घरभर चेहरे पडतात, आणि 68 दिसले की ‘वा, छान’ म्हणून कागद फाइलला लागतो. खरं तर सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी त्या दोन आकड्यांपैकी जास्त तातडीचा आकडा 68 आहे. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडं, नसा पोखरते, पण त्याला वर्षं लागतात. उतरलेली साखर अर्ध्या तासात माणसाला न्हाणीघरात पाडते.

आकडे सोपे आहेत. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की ‘कमी’ म्हणायची आणि काहीतरी करायचं. 54 च्या खाली गेली की मेंदूच्या कामावर परिणाम होऊ लागतो. आणि दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय माणूस सावरू शकत नसेल, तर आकडा काहीही असो, ती गंभीर अवस्था. (तुमची मुलगी इंग्लंडमध्ये असेल आणि फोनवर ‘चारच्या खाली जाऊ देऊ नका’ म्हणत असेल, तर ती वेगळ्या मापात बोलते आहे. तिकडच्या आकड्याला 18 ने गुणा: चार म्हणजे आपले 72.)

मेंदूला साखर साठवून ठेवता येत नाही. दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज तो एकटा फस्त करतो, आणि ते रक्तातून सतत येत राहावं लागतं. रक्तातली पातळी घसरू लागली की शरीर आधी स्वतःच धावपळ करतं. स्वादुपिंड ग्लुकॅगॉन सोडतं, ॲड्रेनलिन वाढतं, यकृत आपल्या कोठारातली साखर बाहेर काढतं. हात थरथरणं, छातीत धडधड ही या ॲड्रेनलिनची करामत; दरदरून घाम, कडकडून भूक हाही त्याच धावपळीचा भाग. म्हणजे ती लक्षणं आजाराची कमी आणि गजराची जास्त. तरुण माणसात हा गजर मेंदू मंदावायच्या बराच आधी वाजतो. माणूस उठतो, डबा उघडतो, चार चमचे साखर तोंडात टाकतो.

म्हातारपणी गजर उशिरा वाजतो, आणि हळू वाजतो. धडधड सुरू होते तोवर डोकंही भंजाळायला लागलेलं असतं, त्यामुळे ‘माझी साखर उतरतेय’ हे ज्या मेंदूने ओळखायचं तोच जाग्यावर नसतो. त्यात साखर वारंवार उतरत राहिली तर गजर आणखी बोथट होतो. (काही आठवडे एकदाही उतरू दिली नाही तर तो बऱ्याच अंशी परत येतो, ही त्यातली चांगली गोष्ट.) ब्लडप्रेशर किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारखी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दोन्ही दबतात. घाम तेवढा उरतो. म्हणून पंख्याखाली बसलेले आजोबा अचानक घामाने निथळलेले दिसले, तर ‘उकडतंय फार’ म्हणून पुढे जाऊ नका.

मग म्हाताऱ्या माणसात दिसतं काय? विनाकारण चिडचिड. एकच प्रश्न पुन्हापुन्हा. बोलताना शब्द घसरणं. टीव्हीसमोर नेहमीच्या वेळेआधीच लागलेली गाढ झोप. पाय लटपटणं, तोल जाणं. रात्री उतरली तर वाईट स्वप्नं, सकाळी ओली झालेली उशी आणि जड डोकं. यातलं काहीही सहज ‘वय झालं’ या खात्यावर जमा होतं. मी तर म्हणेन की या वयात साखर उतरण्याचा खरा धोका हाच आहे, ती ओळखूच येत नाही. म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारं माणूस अचानक वेगळं वागू लागलं तर पहिलं काम ग्लुकोमीटर. बोट आधी साबणाने धुवा. नुकतंच फळ किंवा गूळ हाताळलेल्या बोटाचा आकडा खोटा, जास्त येतो. मशीन नसेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर साखर उतरलीच आहे असं धरून चला. नसली उतरलेली, तर चार चमचे साखरेने फारसं बिघडत नाही. पण चेहरा एका बाजूला ओढलेला, एक हात उचलत नाही असं दिसलं, तर साखर बघण्यात वेळ न दवडता हॉस्पिटल गाठायचं.

स्ट्रिपच्या मागे ‘ग्लि’

मधुमेहाची प्रत्येक गोळी साखर इतकी खाली ओढत नाही. एकटं मेटफॉर्मिन क्वचितच उतरवतं. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही ‘ग्लिप्टिन’ मंडळी आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधंही एकेकटी घेतली तर फारशी नाही. धोका मुख्यतः दोघांचा: इन्सुलिन, आणि सल्फोनिल्युरिया नावाच्या कुटुंबातल्या गोळ्या. हे लांबलचक नाव लक्षात ठेवायची गरज नाही. स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरात ‘ग्लि’ने सुरू होणारं नाव आहे का बघा: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड. नावात ‘ग्लि’ सुरुवातीला नसून पुढे कुठेतरी असेल तर ती वेगळी जात.

या कुटुंबाचा जन्मच उतरलेल्या साखरेतून झाला. 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल जांबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा गटातलं एक नवं औषध देत होते. काही रुग्णांना झटके आले, काही दगावले. कारण शोधता शोधता लक्षात आलं की औषध त्यांची रक्तशर्करा पाडतंय. त्याच शहरातल्या ऑग्युस्त लुबातिएर यांनी मग कुत्र्यांवर प्रयोग करून हे घडतं कसं ते दाखवलं, आणि त्यातूनच मधुमेहाच्या गोळ्या आल्या. या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढतात. तुम्ही जेवलात की नाही याची चौकशी त्या करत नाहीत.

आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळतं आणि भरपूर खपतं. त्यामुळे ‘मी फक्त एकच गोळी घेते’ असं सांगणाऱ्या आजीच्या एका गोळीत दोन, कधी तीन औषधं असतात. तिसरं बहुधा व्होग्लिबोज. त्याचं काम पुढे पडणार आहे, तेव्हा तेही नाव बघून ठेवा.

अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांची संघटना म्हाताऱ्या माणसांसाठी जपून वापरायच्या औषधांची यादी काढते. 2023 च्या यादीत तिने सांगितलं की वृद्धांना सल्फोनिल्युरिया पहिलं किंवा दुसरं औषध म्हणून शक्यतो देऊच नये, आणि द्यायचंच झालं तर कमी वेळ टिकणारं, म्हणजे ग्लिपिझाइडसारखं द्यावं. आपल्याकडे या गोळ्या स्वस्त आहेत, पटकन काम करतात आणि गावोगावच्या मेडिकलमध्ये मिळतात. दरमहा औषधाचा खर्च पेन्शनीतून काढणाऱ्याला ते महत्त्वाचं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पण ‘या वयात हीच हवी का, डोस कमी करता येईल का’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

अचानक सुधारलेली साखर

वीस वर्षं ज्याची साखर हट्टाने 200 च्या वर राहिली त्याची एकदम 110 येऊ लागली, इन्सुलिनही कमी लागू लागलं, की घरात पेढे वाटायचे बाकी राहतात. ‘कारल्याच्या रसाने गुण आला.’ आलाही असेल. पण आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम सांगणारी रक्ततपासणी, करून बघा. शरीरातलं इन्सुलिन मोडून टाकण्याचं बरंच काम मूत्रपिंडं करतात, आणि ‘ग्लि’ गोळ्यांपैकी काहींचे अवशेषही त्यांच्यामार्फतच बाहेर जातात. ग्लिबेनक्लामाइड या बाबतीत सगळ्यात नाठाळ, त्याचे अवशेषसुद्धा साखर उतरवत राहतात. मूत्रपिंडं दमली की कालचाच डोस आज दीडपट-दुप्पट असल्यासारखा वागतो. मधुमेह बरा होत नसतो, औषध साचत असतं. वजन उतरणं, कवळी बसत नसल्याने जेवण निम्म्यावर येणं, नवरा किंवा बायको गेल्यावर अन्नावरची वासना उडणं, यांनीही हेच होतं. डोस मात्र दहा वर्षांपूर्वीच्या भरल्या ताटाला बेतलेला असतो.

आता रोजच्या घोटाळ्यांकडे येऊ, कारण साखर उतरते ती बहुतेक वेळा तिथेच.

सगळ्यात मोठा घोटाळा गोळी आणि घास यांच्यातल्या अंतराचा. गोळी आठला, पूजा आटोपेपर्यंत साडेनऊ, मग नाश्ता. लग्नघरी इन्सुलिन एकला टोचलं आणि पंगत अडीचला बसली. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार. सकाळी ‘फास्टिंग’ रक्त द्यायला निघताना सवयीने गोळी घेतली आणि लॅबमध्ये पुढे पंधरा नंबर. रक्त देऊन, घरी येऊन, खायला समोर आल्यावर गोळी घ्यायची, एवढं जरी घरात ठरलं तरी पुष्कळ टळतं. उपासाचं मात्र आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं. कुठली गोळी त्या दिवशी गाळायची, कुठली निम्मी करायची, हे प्रत्येकाच्या औषधांवर ठरतं आणि ते आदल्या आठवड्यात विचारायचं असतं. दुपारी चारला फोन करून उपयोग नाही, गोळी पोटात गेलेली असते. टाइप-1, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा मधुमेह, असेल तर इन्सुलिन पूर्ण बंद करणं कधीच नाही.

जुलाब, ताप, ओकारी झाली की अन्न जात नाही पण गोळी जाते. त्यात लघवीच्या संसर्गावर अँटिबायोटिक आलं तर आणखी एक गाठ. को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधं आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल ‘ग्लि’ गोळ्यांच्या जोडीने साखर जोरात खाली नेऊ शकतात. गॅटिफ्लॉक्सासिन नावाच्या अँटिबायोटिकने साखरेचा असा काही झोपाळा केला की 2011 मध्ये भारताने त्याच्या गोळ्या-इंजेक्शनांवर बंदी घातली. तेव्हा अँटिबायोटिक लिहून देणाऱ्याला, तो दातांचा डॉक्टर असला तरी, शुगरच्या गोळीचं नाव सांगायचं. आणि रिकाम्या पोटी दारू घेतली तर यकृताचा साखर तयार करायचा कारखाना थंडावतो. आजोबांचा रात्रीचा ‘एकच पेग’ या हिशेबात धरा.

इन्सुलिनवाल्यांसाठी एक खास आपल्याकडचा धोका. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं, पेनमधलं 100 युनिटचं. 40 च्या सिरिंजला लाल टोपण, 100 च्या सिरिंजला केशरी. पेन बिघडला म्हणून त्याच्या काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 10 नव्हे, 25 युनिट जातात. मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना मुळात ती रेघच दिसत नाही. मेडिकलवाल्याकडून सिरिंज घेताना बाटली सोबत न्या.

विसरभोळेपणाचाही इथे संबंध आहे. गोळी घेतली की नाही हे न आठवून दुसरी घेतली जाते, किंवा जेवल्याचं वाटतं आणि जेवण झालेलंच नसतं. वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा साठ-सत्तर रुपयांचा असो की दोनशेचा, तो माझ्या मते घरातल्या सगळ्यात उपयोगी वैद्यकीय उपकरणांपैकी एक. मुलं अमेरिकेत आणि आईवडील पुण्यात अशा घरांत रोजच्या फोनवर ‘गोळी घेतली का’ एवढंच विचारलं जातं. आधी ‘काय खाल्लंस’ विचारा, मग गोळीचं.

उतरली तर

माणूस शुद्धीत आहे, गिळता येतंय: 15 ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे चहाचे तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून, नाहीतर अर्धा ग्लास फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, बर्फी, चॉकलेट नको. गोड असली तरी त्यातली चरबी साखर पोटात अडवून धरते, आणि इथे हवी असते घाई.

इथे ते व्होग्लिबोज कामाला येतं, म्हणजे आडवं येतं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरातली साखर आतड्यात फुटायलाच वेळ लागतो. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच हवी. ती मिळेपर्यंत मध चालेल. म्हणून ‘ग्लि’वाल्या प्रत्येक घरात ग्लुकोजचा एक डबा उशाशी आणि एक पुडी बाहेर जायच्या पिशवीत असावी.

आकडा वर आला की काम संपत नाही. जेवणाला तासभर अवकाश असेल तर दूध-बिस्किटं, अर्धी भाकरी असं काही टिकणारं पोटात जाऊ द्या. आणि ‘ग्लि’ गोळीने उतरलेली साखर ही पुन्हा उतरणारी साखर असते, कारण गोळीचा अंमल चोवीस तास, मूत्रपिंडं दमलेली असतील तर त्याहून जास्त राहतो. मावशी ग्लुकोजची सलाइन लागल्यावर वीस मिनिटांत ठणठणीत झाली आणि घरी जायचा हट्ट धरून बसली, चंद्रोदय व्हायचा होता. डॉक्टरांनी सोडलं नाही. पहाटे दोनला साखर पुन्हा 58 होती. घरी असती तर सगळे झोपेत असते.

बेशुद्ध असेल, झटके येत असतील, तर तोंडात थेंबभरही काही घालायचं नाही. श्वासनलिकेत गेलं तर आणखी एक संकट. कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन करायचा.

आता मुळातला प्रश्न, साखर किती असावी? तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आत आणा हे आपण सगळीकडे ऐकतो. पण ते सरसकट सगळ्या वयाला नाही. अमेरिका आणि कॅनडात ‘ॲकॉर्ड’ नावाचा मोठा अभ्यास झाला, 10,251 माणसं, सरासरी वय 62, मधुमेहासोबत हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका असलेली. निम्म्यांची एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचा चंग बांधला, बाकीच्यांची सात ते आठच्या दरम्यान राहू दिली. फेब्रुवारी 2008 मध्ये कडक गटाचे उपचार मध्येच थांबवावे लागले, कारण त्या गटात 257 मृत्यू झाले होते आणि दुसऱ्यात 203. वैद्यकीय मदत लागावी इतकी साखर उतरण्याचं प्रमाणही कडक गटात तिप्पट होतं. जास्तीच्या मृत्यूंचं खापर थेट उतरलेल्या साखरेवर फोडता आलेलं नाही. पण ‘जितकी कमी तितकी बरी’ हे गणित तिथे मोडलं.

आता अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही वृद्धांसाठी वेगळे आकडे देते. धडधाकट असेल तर सात ते साडेसातच्या आत. बरेच आजार, विसराळूपणा, पडण्याची भीती असेल तर आठच्या आत. फार थकलेल्या माणसात तर त्या आकड्यामागे न लागता साखर उतरू न देणं आणि फार चढू न देणं एवढंच बघायचं. शिवाय सरासरी फसवी असते. सकाळी 50 आणि रात्री 250 असणाऱ्याचीही सरासरी 150 दिसते, म्हणजे कागदावर जवळजवळ सात टक्के, एकदम शहाणी. रक्त कमी असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती आणखीच भरवशाची राहत नाही. दहा-चौदा दिवस दंडावर राहणारा सेन्सर लावून बघितला तर रात्री काय चालतं ते कळतं. तो परवडत नसेल तर आठवडाभर वेगवेगळ्या वेळी, एकदा पहाटे तीनलाही, बोट टोचून वहीत लिहिलेले आकडे डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातात.

मावशीची एचबीएवनसी तेव्हा 6.1 होती. त्याचं तिला कौतुक होतं, भिशीतल्या बायकांत ती सांगायची. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं, मेटफॉर्मिन ठेवलं, एक ग्लिप्टिन जोडलं. आता तो आकडा साडेसातच्या आसपास असतो आणि मावशी दुपारी चारनंतर घामाघूम होत नाही. साडेसात ऐकून तिला नापास झाल्यासारखं वाटलं होतं. संकष्टी चालूच आहे, फक्त मधे संध्याकाळी पाचला एक कप दूध आणि केळं आलंय. त्यावरून तिचं आणि सुनेचं वाजतं, कारण तिच्या मते केळं आठला खाल्लं तरी चालेल. सुनेने कॅलेंडरवर प्रत्येक संकष्टीच्या चंद्रोदयाखाली पेन्सिलने ‘5 दूध’ असं लिहून ठेवलंय, आणि ग्लुकोजचा डबा देवघराच्या फळीवर, कापराच्या शेजारी, ठेवला आहे.